बर्फातला हनुक्का : निसेकोची सुटी आम्ही कशी आखली



आमच्या लहानपणी बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी. माझगावात ती हातगाडीवरून यायची, वाटेत निम्मी वितळायची, आणि लग्नाच्या घरी सरबतासाठी फोडली जायची. कदूरी शाळेत भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर ‘हिमवर्षाव’ असा शब्द लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं होतं, "बाई, लादी डोक्यात पडली तर माणूस मरत नाही का?" सगळा वर्ग हसला. पण खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांच्याच मनात तोच प्रश्न होता.

पुढे १९७३ साली आम्ही दोघं अलिया करून आलो ते थेट बेर्शेबाला, म्हणजे वाळवंटात. तेव्हा पंचाहत्तरी ओलांडल्यावर आम्ही बर्फात सुटीला जाऊ असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याचा ताप मोजला असता. पण गेलो. आणि परत आल्यापासून ओळखीची माणसं विचारत आहेत, की या वयात हे जमवलं कसं? म्हणून हा लेख. मोठ्यांनी वाचावा आणि नातवंडांना वाचून दाखवावा.

जायचं कारण स्कीइंग नव्हतं. मुलगी इथे, मुलगा सिडनीला. मुलीची तीन मुलं हिब्रू बोलतात, मुलाची दोन इंग्रजी. २०१७ साली एका बार मित्स्वाला पाचही जण एकत्र आले होते, त्यानंतर नाही. मध्ये कोरोना आला, मग २०२२ साली आमच्या घरातल्या आजोबांचं बायपासचं ऑपरेशन झालं, मग २०२३ च्या ऑक्टोबरपासून लढाई. मोठ्या नातवाला मार्च २०२५ मध्ये सैन्यात भरती व्हायचं होतं. पेसाखच्या सेदरला तो आपल्या आईला हळूच म्हणाला, "जाण्याआधी एकदा सगळे भेटलो तर बरं होईल." ते आमच्या कानावर आलं आणि आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एलियाहू हानाबीला नवस बोललो : सगळे अकराजण एका छपराखाली येऊन सुखरूप परतले, तर मलीदा करू.

जागा कशी ठरली

सिडनीच्या शाळांना डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्याची मोठी सुटी असते. आपल्याकडे हनुक्काची. २०२४ साली हनुक्काची पहिली मेणबत्ती २५ डिसेंबरच्या संध्याकाळी होती, म्हणून दोन्ही सुट्या जुळल्या. तिकडून त्यांना आणि इकडून आम्हाला साधारण सारखंच पडेल असा देश म्हणजे जपान. मुलगा म्हणाला, "आई, आमच्याकडचे लोक स्कीइंगला निसेकोलाच जातात." मोठ्या नातवाच्या खोलीत त्याच डोंगराचं चित्र लावलेलं होतं. मग काय, ठरलंच.

पण घरात एक नर्स असली की नुसत्या चित्रावर काही ठरत नाही. आम्ही आधी उंची पाहिली. युरोपातली काही मोठी ठिकाणं दीड-दोन हजार मीटरच्या वर वसलेली असतात. आपल्या काश्मीरमधलं गुलमर्ग २,६०० मीटरच्या पुढे आहे, आणि तिथली केबल कार चार हजार मीटरच्या आसपास नेते. तिथे हवा विरळ, बायपास झालेल्या माणसाला दम लागायचा. निसेकोच्या डोंगराचं, म्हणजे निसेको-अन्नुपुरीचं शिखरच १,३०८ मीटर, आणि राहायची घरं तर पार पायथ्याशी. महाबळेश्वरपेक्षाही खाली! हृदयाच्या डॉक्टरांनी नकाशा पाहिला, तपासण्या केल्या आणि म्हणाले, "उंचीची भीती नाही. थंडीची काळजी घ्या."

एवढ्या कमी उंचीवर एवढं हिम कसं?

मुलांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्या आजी-आजोबांना कोकणातला पाऊस विचारा. अरबी समुद्रावरून वारा पाणी पिऊन येतो, सह्याद्रीला अडतो आणि कोसळतो. निसेकोला तोच खेळ, फक्त थंडीतला. सायबेरियातून हाडं गोठवणारा कोरडा वारा निघतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो, तो वाऱ्याच्या मानाने उबदार असतो. वारा तिथली वाफ उचलतो आणि होक्काइडो बेटाच्या डोंगरांवर चढताना ती हिम होऊन पडते. डोंगरावर एका हंगामात सरासरी चौदा-पंधरा मीटर हिम पडतं, म्हणजे चार मजली चाळ बुडेल एवढं!

हवा फार थंड असल्यामुळे या हिमात पाणी कमी आणि हवा जास्त असते. मुठीत घेऊन दाबलं तर गोळा होत नाही, फुंकर मारली तर पिठीसाखरेसारखं उडतं. यालाच स्कीवाले ‘पावडर’ म्हणतात. बाईंनी तेव्हा सांगितलं होतं, "पिंजलेल्या कापसासारखं पडतं." बाई, तुमचं बरोबर होतं.

निसेको म्हणजे एकच जागा नव्हे. एकाच डोंगराच्या अंगावर चार ठिकाणं शेजारी-शेजारी आहेत : ग्रँड हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी. (शेवटचं नाव ऐकून धाकट्या नातीला पुरी आठवली, ती शेवटपर्यंत त्याला ‘पुरीचा डोंगर’च म्हणत होती.) चारही ठिकाणी चालणारा एकच पास मिळतो आणि एकट्या ठिकाणाचा स्वस्त पासही मिळतो. आमच्या वेळी चारही ठिकाणांचा मोठ्या माणसाचा दिवसाचा पास दहा हजार येनच्या आसपास होता. नवशिक्या मुलांना चार डोंगरांची गरज नसते, त्यांना एका उताराचा पास पुरतो. तिथे आमचे बरेच पैसे वाचले.

आरक्षण आणि प्रवास

नाताळ ते नवं वर्ष हा तिथला सर्वांत महाग आणि गर्दीचा काळ. जपानी लोकांचीही नवीन वर्षाची सुटी तेव्हाच असते. आम्ही पेसाख संपताच, म्हणजे आठ महिने आधी, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं, आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच अट पाहून घेतलं. ते थोडं महाग पडलं. पण ऑगस्टमध्ये आमच्या विमान कंपनीने लढाईमुळे तिकिटं रद्द केली, तेव्हा निदान घराचे पैसे तरी बुडणार नाहीत एवढा धीर होता. तेल अवीवहून टोकियोला थेट विमान मार्च २०२३ मध्ये सुरू झालं होतं, शेवटी त्याचीच तिकिटं काढली. आजोबांनी बँकेत ठेवलेली ठेव मोडली. म्हणाले, "ही ठेव कशासाठी होती? याचसाठी."

टोकियोहून दुसरं विमान, दीड तासात न्यू चितोसे. तिथून बसने अडीच-तीन तास. हिमवादळ असेल तर जास्त. म्हणून त्याच दिवशी पुढे जाण्याचा हट्ट वयस्करांनी धरू नये. आम्ही टोकियोला एक रात्र झोपलो. जड बॅगा विमानतळावरूनच ‘ताक्युबिन’ नावाच्या सेवेने पुढे पाठवल्या. ते लोक सामान थेट मुक्कामाच्या दारात नेऊन देतात, फक्त दोन-एक दिवस हाताशी ठेवावे लागतात. औषधं मात्र कधीही मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत. ती आपल्या जवळच.

नर्सबाईंची वही

चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाला यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. आमची यादी अशी :

औषधं. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधारण एक महिन्यापर्यंतची औषधं जपानात नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवाना लागतो. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास तिथे बंदी आहे. लक्ष लागत नाही म्हणून मुलांना देतात त्यांतली अँफेटामिनची औषधं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेही चालत नाहीत. घरात अशी गोळी कुणी घेत असेल तर आधी जपानी वकिलातीत विचारा. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत घ्या.

वेळ. हिवाळ्यात जपान आपल्यापेक्षा सात तास पुढे असतो. इन्शुलिन आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. विमानात दर दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या, पायांत घट्ट मोजे घाला.

विमा. कुपत खोलिम परदेशात उपयोगी पडत नाही. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग धरलेलं नसतं, ते वेगळं जोडावं लागतं. जुना आजारही लपवू नका. खोटं लिहिलं तर ऐन वेळी हात वर करतात.

कपडे. अंगाला लागून सुती बनियन नको, घामाने भिजलं की थंडी धरतं. लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं घाला, त्यावर ऊब देणारं, त्यावर वारा-पाणी अडवणारं. मोजा एकच जोड. दोन घातले तर बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतो. बोटं पांढरी आणि बधिर झाली तर बर्फाने चोळू नका. ही जुनी समजूत चुकीची आहे. आत या आणि हळूहळू ऊब द्या.

हृदय. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. नाका-तोंडावर मफलर, पोटभर जेवून लगेच बाहेर पडायचं नाही, आणि दारातलं हिम फावड्याने काढायला आजोबांनी हात लावायचा नाही. आमच्या आजोबांना ते फावडं पाहून फार सुरसुरी आली होती. आम्ही ते दाराआड लपवलं.

वजन. दुकानात स्की भाड्याने देताना वय, उंची आणि वजन विचारतात. त्यावरून बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या खटक्याचा ताण ठरवतात. पडल्यावर तो खटका सुटला पाहिजे, नाही तर गुडघा पिळवटतो. आमच्या घरातल्या एका बाईने (नाव सांगत नाही) वजन आठ किलो कमी लिहिलं. तसं केलं की खटका भलत्याच वेळी सुटतो आणि माणूस तोंडावर आपटतो. तिला आम्ही परत दुकानात पाठवलं.

मुलांनी लक्षात ठेवायचं

हेल्मेटशिवाय उतारावर जायचं नाही. पहिले दोन दिवस शिक्षकाकडे शिकायचं. मोठ्या नातवाला वाटलं होतं, दोन व्हिडिओ पाहिले की येतं. पहिल्या तासाला तो सात वेळा पडला आणि सिडनीची दहा वर्षांची नात, जी आधी एकदा शिकली होती, त्याच्याभोवती गिरक्या घेत होती.

मऊ हिम पाहून वाटतं, कुठेही उडी मारावी. पण त्यातच धोका आहे. झाडाच्या फांद्यांखाली, बुंध्याभोवती, हिम पोकळ राहतं. त्यात माणूस डोकं खाली होऊन पडला तर स्वतःहून बाहेर येणं कठीण. म्हणून झाडांत एकट्याने जायचं नाही. दोघं एकमेकांना दिसत राहिले पाहिजेत, गळ्यात शिट्टी पाहिजे. शिवाय हिमकडे कोसळतात. निसेकोत त्यासाठी कडक नियम आहेत : ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं तर फक्त फाटकातून, फाटक बंद असेल तर कुणीही नाही, आणि दोरीखालून तर कधीच नाही. नियम मोडला तर पास काढून घेतात. मोठा नातू एकदा दोरीपाशी घुटमळला होता. आम्ही नव्हतो तिथे, त्याच्या मामाने नंतर सांगितलं. मामा त्याला एवढंच म्हणाला, "तुझी आजी दुर्बीण घेऊन खिडकीत बसली आहे." तो परत फिरला. खरं म्हणजे आमच्याकडे दुर्बीण नव्हती.

शब्बाथ, मेणबत्त्या आणि जेवण

जपानात मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, बंद पाकिटातलेसुद्धा. ताजी फळं-भाज्याही दाखल्याशिवाय नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं की आठवडाभर मासे, अंडी, डाळ-भात. एक पातेलं, एक तवा, सुरी, मसाल्यांच्या पुड्या आणि नारळाच्या दुधाची पावडर एवढं घरून नेलं. मासे कुच्चान गावातल्या बाजारातून आणले, खवले अंगावर असलेला साल्मन स्वतः बघून घेतला. नारळाच्या दुधातलं त्याचं कालवण आणि जपानी चिकट भात, असं जेवण बर्फात बसून जेवलो की अलिबागची आठवण आलीच. सुफगानियोतऐवजी बटाटेवडे तळले.

हनुक्काच्या मेणबत्त्यांबद्दल घरमालकांना आधीच पत्र लिहून विचारलं होतं, कारण तिथे आगीची फार धास्ती असते. त्यांनी पत्र्याचं मोठं ताट आणून दिलं आणि खिडकीपासून दूर ठेवा म्हणाले. डिसेंबरअखेर तिथे सूर्य चारच्या सुमारास मावळतो. म्हणून शुक्रवारी दुपारीच सगळी कामं आवरावी लागतात. शनिवारचा पास आम्ही काढलाच नाही. नातवंडांनी कुरकुर केली. तेव्हा आजोबांनी त्यांना शनिवार तेल्यांची गोष्ट सांगितली : आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना तेच नाव दिलं. "बैलांना सुटी मिळाली तर तुमच्या स्कींनाही मिळू दे," म्हणाले.

आमच्यासारख्यांनी तिथे करायचं काय?

स्की न लावता पुष्कळ करता येतं. पायी येणाऱ्यांना गोंडोल्यातून वर जायचं तिकीट मिळतं का ते ज्या त्या ठिकाणी विचारून घ्या. आम्ही एकदा वर गेलो. समोर योतेई नावाचा १,८९८ मीटरचा ज्वालामुखी, फुजीसारखा शंकूच्या आकाराचा, सबंध पांढरा. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

गरम पाण्याच्या कुंडांना तिथे ‘ओनसेन’ म्हणतात. आपल्या वज्रेश्वरीसारखंच, पण एक फरक आहे : आधी साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात, आणि अंगावर कपडा चालत नाही! बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. आम्ही लाजलो आणि वेगळं, खासगी स्नानघर घेतलं. हृदयाच्या रुग्णाने आधी डॉक्टरांना विचारावं, पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि बाहेर येताना एकदम उभं राहू नये.

आता एक कबुली. बुटांना बांधायच्या काट्यांच्या पट्ट्या तिथे दुकानात सहज मिळतात. रस्त्यावरचा बर्फ काचेसारखा होतो, म्हणून नर्सबाईंनी अकराजणांना त्या घ्यायला लावल्या. तिसऱ्या दिवशी दूध आणायला "एवढंसं तर जायचंय" म्हणून पट्ट्या न लावता कोण बाहेर पडलं आणि मनगटावर आपटलं, ते वाचकांनी ओळखलं असेलच. हाड मोडलं नाही, फक्त मुरगळलं. पट्टी बांधायला मोठा नातू बसला. हात स्थिर, गाठ नीट. "कुठे शिकलास?" विचारलं, तर म्हणाला, "भरतीच्या आधी शिकून ठेवलं, सव्ता." आम्ही पट्टीकडे पाहत राहिलो.

शेवटची रात्र

पाचही नातवंडांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. पण उतारावर आम्ही खालून ओरडत होतो तो एक शब्द सगळ्यांनी उचलला : "सावकाश!" चौथ्या दिवसापासून हिब्रूवाले आणि इंग्रजीवाले एकमेकांना तेच ओरडत होते. आमच्या घरातली मराठी पुढे किती टिकेल माहीत नाही. पण एक शब्द तरी आता डोंगरावरून खाली येईल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या मेणबत्त्या लागल्या. बाहेर हिम पडत होतं, आवाज न करता. कुणी फोटो काढला, कुणी रडलं. आम्ही मनातल्या मनात मोजत होतो : अकरा. परत मोजलं. अकरा.

फेब्रुवारीत तू बिश्वातला आम्ही बेर्शेबात नवस फेडला. मोठ्या परातीत पोहे, गूळ, खोबरं, वेलची आणि फळं घालून मलीदा केला. सिडनीचे चौघे फोनच्या पडद्यावर होते. मार्चमध्ये मोठा नातू सैन्यात गेला. जाताना त्याने योतेईचं चित्र आमच्या स्वयंपाकघरात आणून लावलं. म्हणाला, "तुम्ही सांभाळा."

ज्यांना जायचं मनात आहे त्यांच्यासाठी शेवटची सूचना. २०२६ साली हनुक्का ४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो. तेव्हा तिथे हिम नीट बसेलच असं नाही. २०२७ साली तो २४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून आहे, नेमका आमच्यासारखाच. म्हणजे तयारीला वेळ आहे. गुडघे तपासून घ्या, विमा वाचून घ्या, आणि मुलाबाळांना फोन करा. हिम दरवर्षी पडतं. सगळेजण दरवर्षी जमतील याची खात्री नसते.